देवी नसलेला चौक

मैत्रिणींनो, परवा मी चक्क एका बारमध्ये जाऊन आले.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि दोनदा वाचून पाहिलं. पंचेचाळिशी उलटली, पण 'बार' या शब्दाशी माझा आजवरचा संबंध एकच होता. तो बंद करा म्हणून दिलेल्या निवेदनांचा! महिला मंडळाच्या लेटरहेडवर, खाली तीस-चाळीस सह्या आणि अंगठे. अशी निवेदनं मी किती लिहिली असतील, मोजदाद नाही. दांडेकर कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग निवेदनं लिहिण्यातच झाला, असं आमचे 'हे' म्हणतात.

मी राहते मासवणला. पालघरहून मनोरकडे निघालात की वाघोबा खिंड ओलांडल्यावर आमचं गाव लागतं. सूर्या नदीच्या काठचं. घर, सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे हे सगळं सांभाळून गेली अठरा-वीस वर्षं मी आजूबाजूच्या पाड्यांवर जाते. बचत गट, बायकांची रक्ततपासणी, शाळा सोडलेल्या मुली. फार मोठं काम नाही. पण पाड्यावर गेलं की पोरं 'बाय आली, बाय आली' करत धावत येतात, एवढी ओळख आहे.

तर माझी पुतणी, धाकट्या दिरांची मुलगी, मुंबईला इंटिरियरचं काम करते. तिचा फोन आला. "काकू, फोर्टमधल्या एका बारचं काम आम्ही केलंय. तुला दाखवायचंय. तू नाहीच म्हणणार, पण ऐक तर! भिंतीवर सगळी वारली चित्रं आहेत. तुझ्यामुळेच सुचलं मला."

'तुझ्यामुळेच सुचलं' म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? घरात मात्र गंमत झाली. सासूबाई म्हणाल्या, "देवळात जायला वेळ नाही, आणि तिथे जायला आहे!" 'हे' पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "जा, जा. निवेदन बरोबर घेऊन जा." मी कॉटनची साडी नेसले, पालघरहून लोकल पकडली आणि चर्चगेटला उतरले.

बार म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? रंगीत बल्ब, अर्ध्या दाराचा पडदा, बाहेर पानाची टपरी. इथे तसं काही नव्हतं. आत शिरल्यावर मला आधी आर्ट गॅलरीच वाटली. गेरूच्या रंगाच्या भिंती, त्यावर पांढऱ्या आकृत्या, प्रत्येकीवर वरून सोडलेला दिवा. मेनूकार्ड चित्रप्रदर्शनाच्या पुस्तिकेसारखं. एकेका पेयाला एकेका चित्राचं नाव. बायका होत्या, मुली होत्या, माझ्या वयाच्याही दोघी-तिघी होत्या. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. खरं सांगते, आमच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी जेवढं अवघडल्यासारखं होतं, तेवढंही तिथे झालं नाही. हे मान्य केलंच पाहिजे.

पुतणीने सांगितलं, या बारची खासियत म्हणजे इटलीची कडू मद्यं. त्यांना 'आमारो' म्हणतात. इटालियन भाषेत आमारो म्हणजेच कडू. काउंटरपलीकडचा मुलगा मोठा उत्साही. मी काही घेणार नाही म्हटल्यावर त्याने मला लिंबू घातलेला सोडा दिला आणि एकेक बाटली समोर ठेवून माहितीच द्यायला लागला. झाडांच्या साली, मुळं, फुलं, संत्र्याच्या साली, कधी वीस तर कधी तीस जिनसा दारूत मुरवायच्या, मग थोडी साखर. जेवणाआधी भूक लागावी म्हणून घ्यायचं, नाहीतर जेवणानंतर पचावं म्हणून.

"वास तरी घेऊन बघा, मॅडम," म्हणून त्याने एका छोट्या पेल्यात चमचाभर ओतलं. मी वास घेतला आणि थेट आजीच्या माजघरात पोचले. काडेचिराईत! ताप आला की आजी रात्रभर काड्या भिजत घालायची आणि सकाळी नाक दाबून ते पाणी पाजायची. घरी येऊन शोधलं, तर खरंच नातं निघालं. या इटालियन मद्यांत जेन्शियन नावाचं मूळ घालतात, आणि आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. म्हणजे आल्प्सच्या डोंगरातली आजी आणि माझी आजी एकाच कडूवर विश्वासून होत्या.

मी जिभेचं टोक लावलं का? लावलं. लपवून काय करू? कडू होतं, मागाहून गोड झालं, घशात जरा जाळ झाला. बस्स.

पण मला त्या चवीपेक्षा त्या मुलाचं बोलणं जास्त लक्षात राहिलं. त्याला प्रत्येक बाटलीची वंशावळ पाठ होती. ही लाल दिसते ती गास्पारे कांपारीने १८६० साली नोवारा नावाच्या गावात केली. त्याच्या मुलाने, दाविदेने, १९१५ मध्ये मिलानच्या प्रसिद्ध गॅलेरियात बार काढला, तो आजही चालतो. ही काळपट फर्नेट ब्रांका १८४५ची, पूर्वी औषध म्हणूनच खपायची. ही सिसिलीची आव्हेर्ना १८६८ची, तिची कृती म्हणे मठातल्या एका साधूने दिली. आणि ही चिमुकली, उलट्या पेल्याच्या आकाराची सोड्याची बाटली? तिचा आकार देपेरो नावाच्या चित्रकाराने दिला, १९३२ साली. "हिला कागदाचं लेबलच नाही, मॅडम. नाव काचेतच आहे," असं म्हणून त्याने माझं बोट त्या अक्षरांवरून फिरवलं.

दीडशे वर्षांपूर्वीचा गावातला दारूवाला, त्याचा मुलगा, साधू, बाटली काढणारा चित्रकार. सगळे आपापल्या जागी. मला खरंच कौतुक वाटलं. वस्तू कुणी केली हे लक्षात ठेवायचं, तर ते असं.

मग मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि ही चित्रं कुणी काढली?"

तो मुलगा गडबडला. "वारली आर्ट आहे ना, मॅडम. ट्रायबल."

पुतणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अगं, कंत्राटदाराचे पेंटर होते. आम्ही नेटवरून डिझाइनं काढून दिली, त्यांनी स्टेन्सिल करून मारली. सुंदर झालंय ना?"

सुंदर झालं होतंच. तारप्याभोवती फेर धरलेली माणसं, मोर, ताडाची झाडं. आणि मधोमध, काउंटरच्या मागे, मोठा चौक काढला होता. चौकोनी चौकट, कडेने नक्षीच्या पट्ट्या, सूर्य, चंद्र, शिडी, फणी. मला तो लगेच ओळखू आला. मी असा चौक काढताना पाहिला आहे. आमच्या पाड्यावर लग्न असलं की सुवासिनी बायका भिंत सारवून गेरू लावतात आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काडीने चौक काढतात. धवलेरी बाई लग्नाची गाणी म्हणते. चौकाच्या आत पालघाट देवी असते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. चौक हे सजावटीचं चित्र नव्हे, आपल्या घरच्या देवकासारखं ते आहे.

बारमधल्या चौकात देवी नव्हती. देवीच्या जागी काचेची फळी बसवली होती आणि फळीवर बाटल्या होत्या. खालून दिवा.

मला राग आला का? तितकासा नाही. पोटात काहीतरी हललं एवढं खरं. पुतणीला मी तिथे काही बोलले नाही. तिने हौसेने बोलावलं होतं. पण परतीच्या लोकलमध्ये विरार गेल्यावर गाडी रिकामी झाली आणि डोक्यात गर्दी झाली.

मैत्रिणींनो, वारली चित्राचा इतिहास थोडा आठवून बघा. शतकानुशतकं ही चित्रं बायकांनी काढली, भिंतीवर, लग्नापुरती. पुढच्या पावसाळ्यात ती पुसली जायची. काढणाऱ्या एकाही बाईचं नाव कुणाला माहीत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे कलावंत डहाणू भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं काम जगापुढे आलं. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. फार मोठा माणूस, आमच्या जिल्ह्याचा अभिमान. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वर्षी आमचा पालघर जिल्हा झाला. पण म्हणून काय झालं? जिव्यादादांचं नाव माहीत असलेल्या शहरातसुद्धा भिंतीवरचं चित्र अजून 'ट्रायबल'च आहे. एका इटालियन बाटलीचा आकार कुणी दिला हे पाठ, आणि शंभर किलोमीटरवरची भिंत कुणी काढली हे विचारायचंही सुचत नाही.

इथवर मी तुम्हाला दुसऱ्यांचं सांगितलं. आता माझं सांगते. कारण लोकलमध्ये मला सगळ्यात जास्त टोचलं ते माझंच.

पंधरा-एक वर्षं झाली असतील. आमच्या जवळच्या एका पाड्यावर एक बाई भट्टी लावायची. मी तिला मावशी म्हणते. पाड्यातल्या पुरुषांचं पिणं वाढलं, बायका माझ्याकडे रडत आल्या. आम्ही वीस-पंचवीस जणी घोषणा देत गेलो आणि मावशीची मडकी फोडली. एक मडकं मी स्वतः फोडलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटोही काढून झाला. मला फार अभिमान वाटला होता.

मावशी भांडली नाही. खापऱ्या गोळा करत म्हणाली, "माझी मडकी फोडलीस, बाय. बाजारातल्या दुकानाची काच फोडशील काय?"

उत्तर नव्हतं. कारण ते दुकान परवान्याचं होतं. आठ दिवसांत पाड्यातले पुरुष चालत त्या दुकानात जायला लागले. जास्त पैसे, तीच नशा. मावशीचा नवराही त्यातच. दिवाळीनंतर मावशी दोन मुलांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. तिची मुलगी सहावीत होती. पावसाळ्यात ती परत आली, शाळेत मात्र पुन्हा आली नाही. शाळा सोडलेल्या मुलींसाठी काम करणाऱ्या माझ्या हातून एका मुलीची शाळा सुटली, असंच मी आज म्हणेन.

याचा अर्थ मावशीची दारू चांगली होती, असा नाही. ती मोहाचीही नव्हती. मोह कमी झाला, आणि मडक्यात काळा गूळ नि नवसागर यायला लागला, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बेकायदा दारू काय करते, ते २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत दिसलं. विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. आणि बायकांच्या पाठीवरचे वळ तर मी स्वतः पाहिले आहेत. 'पिणं ही आदिवासींची संस्कृती आहे' असं शहरातले काही शहाणे म्हणतात, तेव्हा मला त्यांना एक रात्र पाड्यावर ठेवावंसं वाटतं.

पण संस्कृती कुठे संपली आणि धंदा कुठे सुरू झाला, हे तर बघाल? मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, वाळवतात. ती भाजून खातात, पिठात घालतात, बियांचं तेल काढतात. थोडी भिजवून त्यांची दारू गाळायची, ती देवाला, पितरांना धार सोडायला, लग्नाला, मरणाला. ही घरातली, बायकांच्या हातातली गोष्ट होती. १८७८ मध्ये इंग्रजांनी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. घरी गाळणं गुन्हा झाला, मक्तेदाराच्या दुकानातून विकत घेणं मात्र कायदेशीर! पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता खास मोहाचा कायदा आला आणि साधी फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं आली. माणूस पीत राहिला, पण आता उधारीवर. उधारीपायी भाताची शेतं दारूच्या दुकानदारांकडे गेली. सरकारला महसूल मिळाला. वारल्याला 'दारुडा' ही पदवी मिळाली. महाराष्ट्रात मोहफुलांवरची जुनी बंधनं सैल व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं.

याच मातीत आणखी एक गोष्ट घडली आहे, ती आमच्या शाळेत कुणी शिकवली नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून एका देवीचा संचार सुरू झाला. सलाबाई म्हणत तिला. ती अंगात यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याच्या शेतावर राबायला जाऊ नका. हे लोण वर दक्षिण गुजरातेत आदिवासी गावागावांत पोचलं आणि दारूच्या दुकानदारांचे धंदे बसले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कुणा समाजसेविकेने त्यांची मडकी फोडली नव्हती. आपलं काय सोडायचं, काय ठेवायचं, हे त्यांनी आपल्या देवीच्या तोंडून आपणच ठरवलं होतं.

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. दारू वाईट की चांगली, हा प्रश्न आपण फार वेळ घोळवला. खरा प्रश्न ठरवणार कोण, हा आहे. फोर्टातल्या बारमध्ये बसलेली बाई आपला पेला आपण ठरवते. तिला कुणी मडकं फोडायला येत नाही. खरं तर आपल्या राज्यात अजूनही कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो, पण त्या टेबलावर तो कुणी मागितलेला मी पाहिला नाही. तिथल्या एका पेल्याची किंमत म्हणजे आमच्याकडच्या बाईची भातलावणीची दोन दिवसांची मजुरी. तो पेला 'कला', आणि मावशीचं मडकं 'गुन्हा'. दोन्हीत कडूच आहे. फक्त एकाला वंशावळ आहे आणि दुसऱ्याला पंचनामा.

मग मोहाच्या दारूलाही वंशावळ देऊन बारमध्ये बसवायची का? तसे प्रयत्न सुरू आहेत. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळवून दिलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता दिली आणि ती आदिवासी बचत गटांकडून करून घ्यायला सुरुवात केली. आमच्या बोर्डीला चिकूची वाईन होते. कुणी म्हणेल, मासवणच्या मोहाचंही काहीतरी करा. मला भीती वाटते. फुलं वेचणारी बाई पुन्हा किलोच्या भावात राहील, आणि बाटलीवर तारपा नाचवून पैसे दुसराच कमवील. सूर्येचं पाणी आमच्या गावावरून वसई-विरारला जातं, पाड्यांवरच्या बायका मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. त्यामुळे इथून शहराकडे काही न्यायचं म्हटलं की मी जरा बिचकतेच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पहिली गोष्ट, बाटली आडवी करायची असेल तर ती परवान्याच्या दुकानापासून करू या. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडवी बाटली' म्हटलं तर दुकान बंद होतं, हा नियम आपल्या राज्यात आहे. आमच्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात तर १९९६च्या पेसा कायद्याने दारूबंदीचे आणि नियंत्रणाचे अधिकार ग्रामसभेला दिले आहेत. सणाला घरात किती, विकायची की नाही, दुकान हवं की नको, हे पाड्याने ठरवावं. आणि त्या ग्रामसभेत बायका मागे, दाराशी नव्हे, पुढे बसलेल्या असाव्यात. तिथे नेऊन बसवणं हे माझं काम. मडकी फोडणं माझं काम नव्हे. हे शिकायला मला पंधरा वर्षं लागली.

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या घरातली. आपल्या उशांवर, साड्यांवर, बैठकीच्या भिंतीवर वारली नाचतोय. पुढच्या वेळी घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, हे काढलं कुणी? त्याला किती मिळाले? उत्तर मिळणार नाही. पण दहा जणींनी विचारलं की अकरावीला उत्तर तयार ठेवावं लागेल.

पुतणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. मडक्याचंसुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, तिथेच बोलली असतीस तर?" तेही खरंच. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. मालकाशी बोलली आहे. तो लगेच हो म्हणालेला नाही, पण भिंत पुन्हा करायची झाली तर इथल्याच बायकांना बोलावू म्हणतो. "तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?"

ओळखीचं म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. आमच्या भागात लग्नाचा चौक काढायला आजही मावशीलाच बोलावतात. मी मोबाइलवरचा बारचा फोटो घेऊन तिच्या अंगणात गेले. मनात धाकधूक होती. तिच्या मडक्यांच्या गोष्टीनंतर आमच्यात बोलणं आहे, पण तो विषय कधी निघत नाही. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि फसकन हसली.

"चौक काढला नि देवी नाय बसवली? त मंग लगीन कुणाचा लावतात?"

मी सांगितलं, तिथे लग्न नसतं, दारू विकतात. देवीच्या जागी बाटल्या ठेवल्यात.

ती हसायची थांबली. फोटो परत एकदा बघितला. मी विचारलं, "मावशी, बोलावलं तर जाशील? चित्र काढायला? पैसे देतील."

"झाडं काढीन, मोर काढीन, तारपा काढीन. देवी नाय काढायची तिथं." मग जरा थांबून, माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "नि बाय, ह्या दुकानाला परवाना हाय ना? नायतर उद्या तूच येशील भिंत फोडाया."

मी काय बोलणार? मान खाली घातली. तिने चहा ठेवला. चहा पिताना आम्ही भिंतीचा भाव काढत बसलो. हाताने किती फूट, किती दिवस, गाडीभाडं कुणाचं, बरोबर लेक येईल तिचे किती. लेक म्हणजे तीच, सहावीत शाळा सुटलेली. हिशोब कागदावर तीच मांडत होती. अक्षर अजून चांगलं आहे तिचं.